नेमका थेंब

"कुणाच्या मनात काही असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. "जीव कशात तरी अडकलाय."

पिंड मांडून बराच वेळ झाला होता. घाटावरच्या चिंचेवर कावळे होते, चांगले गुबगुबीत, रोज कुणाचा ना कुणाचा भात खाऊन सुस्तावलेले. पण एकही खाली उतरत नव्हता. विधीला मी बसले होते, कारण अण्णांना मी एकटीच. गुरुजींनी हरकत घेतली नव्हती. आत्याने घेतली होती, आणि आता कावळा शिवेना म्हटल्यावर ती माझ्याकडे 'मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने बघत होती.

मग तीच पुढे झाली. "दादा, वहिनीची काळजी करू नकोस हो. मी आहे."

कावळ्यांनी आत्याचा शब्द फारसा मनावर घेतला नाही.

"दादा, तुझा सत्यनारायण राहिला होता ना? तो घालू आपण."

अण्णांनी जन्मात सत्यनारायण घातला नव्हता. मी मान खाली घातली.

"वहिनी, तू बोल. तुला माहीत असणार."

आई पायरीवर पदर सावरून बसली होती. "ह्यांना काय हवं असणार? भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवणारा माणूस," ती म्हणाली आणि पुन्हा नदीकडे बघत राहिली.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून चारू आली. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. चष्मा नाकावर घसरलेला. तिने हात जोडले आणि पिंडाकडे बघत, शाळेत बाईंपुढे उभं राहावं तसं सरळ उभं राहून ती म्हणाली, "अण्णा, थेंब डोळ्यातच पडायचे. सगळे. मी खोटं नव्हते बोलत."

"काय म्हणाली ही?" आत्याने विचारलं.

"गुरुजी," आई एकदम उठून उभी राहिली, "दर्भाचा कावळा करा. पोरीला ऊन लागतंय."

"थोडं थांबूया की, वहिनी. खरा कावळा..."

"करा म्हटलं ना."

गुरुजींनी दर्भाची काडी वळून तिचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि अण्णा आमच्यातून रीतसर गेले.

चारूचं वाक्य माझ्या कानात राहिलं. कुणी न विचारता पोर 'मी खोटं बोलत नव्हते' का सांगेल?

अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालवे, पाटचाऱ्या, बंधारे, सगळं कागदावर आधी त्यांच्या हातून वाहायचं आणि मग जमिनीवर. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. "रेघ हाताने नाही ओढायची, वैजू, श्वासाने ओढायची," असं मला सांगत. त्यांच्या चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या होत्या. लहानपणापासून नंबर वाढतच गेला होता आणि तेव्हा त्याला कुणी आजार म्हणत नसे. चष्मा बदलायचा, एवढंच.

निवृत्तीच्या आसपास त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी परत आली नाही. पुढे डाव्या डोळ्यात बरोबर मधोमध एक धुरकट डाग आला. कडेचं दिसे, समोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघत, म्हणजे चेहरा दिसायचा.

माझे यजमान नोकरीसाठी भरूचला होते. मी कराडच्या कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे चारू आणि मी आई-अण्णांकडेच राहत होतो. चारू फळ्याजवळ जाऊन बसायला लागली, टीव्हीला नाक लावायला लागली, तेव्हा मी तिला डॉ. मुजावरांकडे नेलं. नाझनीन मुजावर, माझ्याच वयाच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. चष्मा लागला. काही महिन्यांत तो वाढला. मग त्या म्हणाल्या, "आता थेंब सुरू करू. ॲट्रोपिनचे, अगदी सौम्य. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक."

अण्णा हट्टाने बरोबर आले होते. त्यांनी विचारलं, "याने नंबर जाईल?"

"जाणार नाही, आजोबा. उतरणारही नाही. वाढायचा वेग कमी होईल, एवढंच." त्यांनी मूठ पुढे धरली. "हा डोळ्याचा गोळा. मूल वाढतं तसा हा लांबत जातो, काहींचा जरा जास्तच. गोळा लांबला की नंबर वाढतो आणि आतला पडदा ताणला जातो. फुगा फुगवला की रबर पातळ होतं ना, तसा. हे थेंब त्या लांबण्याला आवर घालतात. आणि हिला रोज उन्हात खेळायला सोडा. तेही औषधच आहे."

"पडदा ताणला जातो," अण्णा म्हणाले.

"हो."

रिक्षात ते चष्मा धोतराला पुसत राहिले. घरी मी बाटली फ्रिजमध्ये ठेवायला गेले, तर त्यांनी हात पुढे केला. "ते काम माझं."

"अण्णा, तुम्हाला..."

"कडेने दिसतं मला. आणि हात आहे की. या हाताने कोयनेचं पाणी कुठल्या कुठे नेलं, एक थेंब डोळ्यात नाही नेता यायचा? घरात मला एक तरी काम द्या गं."

आईचा मात्र पहिल्यापासून विरोध. "जो नंबर घालवत नाही तो थेंब कशाला? ह्यांच्या डोळ्याला काय कमी औषधं घातली? काय उरलं?"

तरी रोज रात्रीच्या जेवणानंतर ते सुरू झालं. आई अंथरुणं घालायची, अण्णा चारूचं डोकं मांडीवर घ्यायचे. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असायचे आणि तिथून ऐकायचे. आधी शांतता. तो अण्णांचा रोखलेला श्वास. मग त्यांचा प्रश्न, "नेमका?" आणि चारूचं खणखणीत उत्तर, "नेमका!" मग दोघांचं हसणं. त्या घरात इतका आनंद दुसऱ्या कशाचा झालेला मला आठवत नाही.

पहिल्या तपासणीला नंबर जागच्या जागी होता. दुसऱ्या तपासणीला तो उडी मारून वर गेला. डॉक्टरही गोंधळल्या. "काही मुलांना गुण कमी येतो," त्या म्हणाल्या. "थेंब चुकले का मध्ये?"

"एक दिवस नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढला होता. "एकही दिवस नाही, डॉक्टर."

त्यानंतर ते गप्प झाले. थेंब टाकत राहिले, पण 'नेमका?' विचारेनासे झाले. त्याच आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता, त्यांचं हृदय थांबलं.

दहाव्याहून परतल्यावर मी चारूला गच्चीत नेलं. केस धुतले होते, ते उन्हात वाळवायचं निमित्त होतं.

"घाटावर अण्णांना काय सांगत होतीस?"

ती पंच्याच्या आत गेली. पंच्यातूनच म्हणाली, "काही नाही."

"थेंबांचं काहीतरी होतं."

तिने केस खसाखसा पुसले. मग पंचा बोलला, "आधी डोळ्यातच पडायचे. दिवाळीनंतर नाही पडायचे."

"कुठे पडायचे?"

"गालावर. कधी कधी भुवईवर. एकदा कानात गेला." यावर तिला हसू आलं आणि लगेच ते विरलं. "अण्णा 'नेमका?' म्हणायचे ना, मग मी 'नेमका' म्हणायची आणि पुसून टाकायची. आजी उशीशी फडकं ठेवायची, त्याने."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना सांगितलं असतंस. मग त्यांनी टाकले नसते. मग त्यांना काही कामच नसतं." पंचा खाली झाला. चष्म्याविना तिचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते. "आई, नंबर वाढला म्हणून अण्णा गेले का? म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही."

"खरं?"

"अण्णांचं हृदय दमलं होतं. त्याचा आणि नंबरचा काही संबंध नाही. आणि ऐक, तू त्यांना वर्षभर रोज हसवलंस. ते मला जमलं नाही, आजीला जमलं नाही."

"मग आता सगळ्यांना सांगायचं?"

मी तिच्या केसांत बोटं घालून गुंता सोडवत बसले. सांगितलं असतं तर सगळं सोपं होतं. औषध निकामी नव्हतं, थेंब डोळ्यात पडलेच नव्हते. पण मग आत्या सगळ्या नातेवाइकांत सांगणार, 'दादाच्या हातून पोरीचा डोळा बिघडला.' आणि आई? आयुष्यभर ज्या माणसाच्या हाताचा ती अभिमान बाळगत आली, त्याचा दहावा आज झाला होता. त्या हाताबद्दल हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"कुणालाही नाही," मी म्हणाले. "पण थेंब मी टाकणार. आजपासून."

तिन्हीसांजेला आईने फ्रिजमधली बाटली काढली आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी वाटेत उभी राहिले.

"ते राहू दे, आई."

"आता कशाला? ज्यांना हौस होती ते गेले."

"चारूचे डोळे आहेत ते. हौस नाही."

"डोळ्यांना फरक पडला? नंबर वाढला ना? दुप्पट वाढला. मग?" आत्या ओट्याशी चहा गाळत होती. तिलाही बळ चढलं. "वहिनी बरोबर बोलते, वैजू. या थेंबांनी पोरीच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणे. उद्या काही झालं तर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ते. थोडंसं उजेडाला दिपतं, बाकी काही नाही."

"डॉक्टरांनी ह्यांनाही सांगितलं होतं, पडदा बसेल म्हणून," आई म्हणाली. "बसला?"

"नाही बसला. म्हणून तर टाकायचे."

"कसला हट्ट गं हा तुझा? काही कारण तरी सांगशील?"

कारण माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. "माझी मुलगी आहे. मी ठरवणार. द्या ती बाटली."

मी आईला कधीच अहोजाहो करत नाही. त्या क्षणी केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "कर तुला काय करायचं ते. पण डॉक्टरीणबाईंना मीच विचारणार आहे, तुझ्यासमोर."

त्या रात्री मी चारूचं डोकं मांडीवर घेतलं. पहिला थेंब पापणीवर पडून वाया गेला. दुसरा आत गेला. ती दचकली. "आई, गार लागतं! मी विसरलेच होते."

तेराव्यानंतर आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. आईने जरीचे काठ नसलेली पांढरी साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती. भांडायला जाताना ती अशीच बसायची.

डॉ. मुजावरांनी अण्णांबद्दल दोन शब्द विचारले. मग कागद पुढे ओढला. "मी विचार केला. इतका नंबर वाढला म्हणजे हे प्रमाण हिला पुरत नाहीये. एक तर औषधाची तीव्रता वाढवू. नाही तर बंद करून दुसरं काही बघू."

"बंदच करा," आई म्हणाली.

"डॉक्टर, बंद नको आणि वाढवायलाही नको," मी म्हणाले. "गेले काही महिने थेंब डोळ्यात पडलेच नाहीत. बाहेर पडत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाहेर? कोण टाकत होतं?"

दाराजवळच्या खुर्चीत चारू पाय हलवत होती. पाय थांबले.

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही?" डॉक्टर चिडल्याच. "पण मागच्या वेळी तर आजोबा म्हणाले..."

"ते आपलं तसं म्हणायचे. त्यांना वाटायचं आपण टाकतो. टाकत मीच होते. मला नीट जमत नव्हतं आणि मी लक्ष दिलं नाही."

ते खोटं तकलादू होतं. आजोबांना वाटतं आपण टाकतो, म्हणजे काय? डॉक्टरांच्या कपाळावर आठी चढली, आणि मी आईकडे बघायचं टाळलं. ती आता तोंड उघडणार होती. 'खोटं कशाला बोलतेस, हे टाकायचे रोज, माझ्या डोळ्यांसमोर' असं ती म्हणणार होती, आणि मग एकेक करत सगळं बाहेर येणार होतं.

आईने तोंड उघडलं.

"खरं आहे हो, डॉक्टर," ती म्हणाली. "ही पहिल्यापासून धांदरट. लहानपणी दूध ओतायला सांगितलं तर अर्धं जमिनीवर. हिला काय थेंब जमणार?"

डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. शिकवता ना कॉलेजात? मुलीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, कळत नाही? मी ऐकून घेतलं. खालची पापणी बोटाने कशी ओढायची, बाटली किती जवळ धरायची, थेंबानंतर डोळ्याचा कोपरा कसा दाबून धरायचा, ते त्यांनी करून दाखवलं. आई पुढे झुकून माझ्याहून जास्त लक्ष देऊन बघत होती.

"हेच औषध, याच प्रमाणात," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "सहा महिन्यांनी बघू. आणि या वेळी डोळ्यात टाका."

बाहेर आल्यावर चारूने माझा हात धरला. दुसऱ्या हाताने आजीचा. आई म्हणाली, "चल, तुला उसाचा रस पाजते." बस्स. त्या दिवसाबद्दल आम्ही घरात पुन्हा कधी बोललो नाही. आई तेव्हा तसं का म्हणाली? मला वाटलं, लेकीला डॉक्टरांपुढे एकटं पाडायचं नाही म्हणून. तेवढ्यावरच मी समाधान मानलं.

सहा महिन्यांनी नंबर जवळजवळ तिथेच होता. पुढची काही वर्षं मी थेंब टाकत राहिले. पाहुणे असोत, लग्न असो, प्रवास असो, बर्फाच्या डब्यातून बाटली बरोबर असायची. लोक विचारायचे, "उतरला का नंबर?" मी नाही म्हणायचे. "मग?" मग काही नाही. तो हळू वाढत होता, आणि हळू वाढणं ही कुणाला पेढे वाटून सांगायची गोष्ट नसते. थेंब घातले नसते तर तो किती वाढला असता, हेही कुणी सांगू शकत नाही. जे झालं नाही त्याचा पुरावा नसतो. चारू आता पुण्यात शिकते. चष्मा आहे, काच पातळ आहे. अण्णांच्या काचेतून जग वाकडं दिसायचं, हिच्या काचेतून हिचे डोळे दिसतात, आहेत तेवढेच.

गेल्या हिवाळ्यात आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिवसातून अनेक वेळा थेंब घालायचे होते. ते माझ्याकडे आले. आई अतिशय वाईट रुग्ण होती, बाटली दिसली की डोळा मिटायची.

एका दुपारी मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब सोडला. तो पापणीवर आपटून गालावरून कानाकडे गेला.

"पडला?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून सहज निघालं, "नेमका."

ती डोळे मिटलेलेच ठेवून हसली. "गाल ओला झालाय माझा."

मी कापसाने तिचा गाल टिपला.

"मी फडकं ठेवायचे चारूच्या उशीशी," ती म्हणाली. "रोज स्वच्छ धुतलेलं. तुला काय वाटलं, कशाला ठेवायचे?"

खिडकीबाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज मला अजून आठवतो.

"तुला माहीत होतं."

"अंथरुणं कोण घालायचं?" ती म्हणाली. "मला वाटलं, औषधच बंद झालं की विषय मिटेल. औषधाला नावं ठेवली म्हणून ते काही रडत नाही. तू मात्र हट्टाला पेटलेली. मी म्हटलं, हिला काही माहीत नाही, ही त्या डॉक्टरीणबाईंपुढे भलतंच बोलून जाणार. तर तू म्हणालीस, 'मी.'"

"आणि तू मला धांदरट म्हणालीस."

"ते काही खोटं नव्हतं."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं, तेव्हा मी घाबरून म्हणाले, "रडू नकोस, टाका आहे." तिने माझं मनगट धरलं.

"त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं गं. तू, मी, ती पोर, तिघी त्यांना जपत बसलो. सांगितलं असतं तर ते चिडले नसते. चष्मा काढला असता, धोतराला पुसला असता, आणि म्हणाले असते..."

"काय म्हणाले असते?"

"'बरं. पुन्हा टाकतो.' एवढंच होतं."

चैत्रात आई गेली. तिच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, कुणाला काही बोलावंच लागलं नाही. मला मात्र ती त्या दुपारचीच आठवते. तिने स्वतःच्या बोटाने खालची पापणी ओढली, दवाखान्यात शिकवली होती तश्शी, आणि छताकडे बघत म्हणाली, "टाक. आता नाही हलत मी."

मी बाटली धरली आणि श्वास रोखला.